तुरळक ठिकाणी इंटरनेट

घरात काय आणावं आणि काय आणू नये, याबद्दल जुनी माणसं बरंच सांगून गेली आहेत. पण टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आणायचं झालं तर ते कोणाच्या हातून आणावं, याबद्दल कोणीच काही बोलून ठेवलेलं नाही. त्यामुळे बापूंनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. यात आपला दोष कमी आणि जुन्या माणसांचा जास्त, असं निदान बापूंचं तरी मत आहे.

झालं होतं असं. बापूंची बायको एके काळी शाळेत गणित शिकवायची. मग बापूंची बदली डोंगरावरच्या वेधशाळेत झाली. तिथे वारा होता, धुकं होतं, पर्जन्यमापक होता. शाळा तेवढी नव्हती. बदली संपवून परत आल्यावर कळलं की शाळेतली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली आहे. तेव्हापासून त्या घरीच होत्या. इमारतीतले लोक मात्र त्यांना अजूनही 'बाई'च म्हणायचे आणि कोणाच्या पोराचं गणित अडलं की त्यांना जिन्यात गाठायचे. बाई भाजीची पिशवी कठड्याला टेकवून गणित सोडवून द्यायच्या आणि वर यायच्या. बापूंना हे दिसायचं, आणि दर वेळी आपण डोंगरावर मोजून आणलेल्या पावसाचा त्यांना थोडा रागही यायचा.

अशात एका दूरच्या संस्थेला इंटरनेटवरून गणित शिकवणारी माणसं हवी आहेत असं बाईंना कळलं. त्यांनी बहिणीच्या घरून अर्ज केला. संस्थेचं उत्तर आलं की येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी सकाळी अर्ध्या तासाचा नमुना पाठ घ्या. तीन परीक्षक तिकडून ऐकतील, तुम्ही इकडून बोलायचं आणि पडद्यावरच्या फळ्यावर लिहायचं. मात्र पाठ तुमच्या स्वतःच्या घरून, स्वतःच्या जोडणीवरून झाला पाहिजे, कारण पुढे रोज तिथूनच शिकवायचं आहे. जोडणी टिकली नाही तर पुन्हा संधी मिळणार नाही.

बाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या बहिणीचा नवरा, म्हणजे बापूंचा साडू, समोरच बसला होता. हा साडू संगणक विकणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि साडू मोठ्या हुद्द्यावर असणं हे कोणत्याही सुखी संसाराला बाधकच असतं. साडू म्हणाला, "काळजी करू नका. माझा माणूस पाठवतो. तुमचं ते जुनं मशीन पुसून नवीन सिस्टिम टाकेल, तासाभरात सगळं चालू."

बापूंना 'पुसून' हा शब्द लागला. बापूंच्या घरच्या संगणकावर युनिक्सच्या घराण्यातली एक प्रणाली होती. वेधशाळेतही त्याच घराण्यातली होती आणि बापू रोज सकाळी त्या मशीनमध्ये तापमान, वारा नि आर्द्रता भरत असत. खरं सांगायचं तर त्यासाठी चार आज्ञा लागायच्या. त्या बापूंच्या आधीच्या माणसाने भिंतीवर चिकटवून ठेवल्या होत्या आणि बापू त्या त्याच क्रमाने टाइप करायचे. कोणती आज्ञा काय करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला फार प्रश्न विचारू नयेत, हे त्यांचं तत्त्व होतं. पण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करणारा माणूस पाठीमागून बघणाऱ्याला फार विद्वान दिसतो. हळूहळू बापूंना स्वतःलाही स्वतःची पाठच दिसू लागली होती.

"माणूस वगैरे नको," बापू म्हणाले. "आमच्या ऑफिसात दिवसभर हेच चालतं. मी करतो."

बाईंनी बापूंकडे पाहिलं. साडूने मान हलवली आणि चहा संपवला.

सोमवारी बापू टेलिफोन कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाच्या अर्जावर 'आपली प्रणाली कोणती' याखाली दोनच चौकोन होते आणि बापूंचं घराणं त्या दोन्हींत बसत नव्हतं. बापूंनी आपल्या प्रणालीचं नाव सांगितलं. कारकुनाने ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ऐकवलं आणि फाटकी नोट दाखवून विचारावं तसं विचारलं, की हे आपण घेतो का. सहकाऱ्याने न बघताच नाही म्हटलं. मग बराच खल होऊन असं ठरलं की कारकुनाने पहिल्या चौकोनात खूण करायची, जोडणी द्यायची, पण पुढे काही बिघडलं तर बापूंनी कचेरीत यायचं नाही. बापूंनी खिशाला पेन लावलं आणि तशी वेळच येणार नाही असं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण माणसाला आपला हात दाखवताना ते कळत नाही.

जोडणी द्यायला लाइनमन आला. त्याने मोडेम नावाची दिव्यांची पेटी आणली आणि फिल्टर नावाची आगपेटीएवढी एक पांढरी डबीही आणली. फोन त्या डबीतून जोडायचा, म्हणजे बोलणं आणि इंटरनेट एकमेकांत मिसळत नाही, असं त्याने समजावलं. मग विचारलं, घरात फोन किती?

"एकच," बापू म्हणाले. साधी राहणी असलेल्या माणसाने म्हणावं तसं म्हणाले.

लाइनमनने एक डबी लावली, मोडेमचे दिवे स्थिर झाले, आणि मग तो आपली तबकडी संगणकात घालून बसला. तबकडी चालली की पडद्यावर पृथ्वीचं फिरतं चित्र येतं आणि ते आलं की काम संपलं, अशी त्याच्या खात्याची रीत होती. तबकडी बापूंच्या मशीनमध्ये शिरली, जराशी गुरगुरली आणि गप्प झाली. पडदा काळाच राहिला.

"काका, मशीन बंद आहे तुमचं," लाइनमन म्हणाला.

"चालू आहे."

"मग चित्र?"

"आमच्यात चित्र नसतं," बापू म्हणाले.

लाइनमनने त्यांच्याकडे आदराने पाहिलं की दयेने, हे बापूंना आजतागायत कळलेलं नाही. दिवे स्थिर आहेत, म्हणजे माझं काम झालं, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून तो गेला.

पुढचं बघायला बापूंनी चार दिवसांची रजा टाकली. त्यांच्या प्रणालीत जोडणीसाठी एक कार्यक्रम होता. तो एकामागून एक प्रश्न विचारायचा आणि त्यांची हो किंवा नाही अशी उत्तरं द्यायची. बापूंचा स्वभाव मुळात होकारार्थी. त्यांनी सगळ्याला हो म्हटलं. शेवटी कार्यक्रमाने विचारलं, संरक्षण किती हवं? बापू रात्री दाराला कडी, कुलूप आणि वर खुर्ची लावणारे. त्यांनी सगळ्यात कडक संरक्षण निवडलं. परिणाम असा झाला की बाहेरचं काही आत येईना आणि आतलं काही बाहेर जाईना. बापू इंटरनेटपासून पूर्ण सुरक्षित झाले आणि इंटरनेटही बापूंपासून.

ते सैल केलं तरी जोडणी होईना. बाई चहा घेऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तिथे लिहून येतंय बघा, नाव चुकलंय म्हणून."

"ते असंच लिहितं," बापू म्हणाले. "तू मनावर घेऊ नकोस."

संगणक पडद्यावर जे लिहितो ते वाचायचं असतं, ही कल्पना बापूंना नवीन होती. वेधशाळेत ते कधी वाचावं लागलं नव्हतं. इथे त्यांनी पुन्हा पुन्हा तेच टाइप केलं, दर वेळी जरा जास्त जोर लावून. शेवटी त्यांनी मदतवाहिनीला फोन केला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलू लागली.

"सर, आधी स्टार्टवर क्लिक करा."

"स्टार्ट नाहीये."

"डाव्या कोपऱ्यात खाली बघा, सर."

"डाव्या कोपऱ्यात धूळ आहे."

मुलीने बापूंना संगीत ऐकवलं. मग परत येऊन मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. मग पुन्हा संगीत. बापूंनी आपल्या प्रणालीचं नाव, घराणं आणि वैशिष्ट्यं सविस्तर सांगितली. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, घरात दुसरं कोणी मोठं आहे का?"

बापूंनी फोन ठेवला. मोडेमच्या पेटीखाली एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर जोडणीसाठी दिलेल्या नावापुढे कंपनीचं शेपूट लावावं असं छापलेलं होतं. बाईंचं ते दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा ते बापूंना स्वतःलाच सुचलं. त्यांनी शेपूट लावलं आणि जोडणी झाली.

तो आनंद बापूंना घरात मावेना. त्यांनी शेजारच्या ओव्हरसियरकाकांना आणि काकूंना बोलावलं. काका पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्याच खात्यांत लक्ष घालणारे. काकू मांडी घालून बसल्या. बापूंनी आपल्याच वेधशाळेचं पान उघडलं आणि आज आकाश निरभ्र राहील असं मोठ्याने वाचून दाखवलं. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं, तिथे ढग भरून आले होते. त्यावर कोणी काही बोलण्याआधी पान अर्ध्यावर थांबलं. जोडणी तुटली होती.

ती बापूंनी पुन्हा केली, आणि तेव्हापासून ती तुटत राहिली. कधी सकाळी टिकायची, दुपारी जायची, संध्याकाळी तर ताटावर बसावं नि जोडणी उठून जावी. काकांनी सगळी तपासणी करून निदान केलं. त्यांच्या मते तारेला उतार नव्हता.

"बापू, मी काय म्हणतो," काका म्हणाले, "पाणी काय नि तुमचं इंटरनेट काय. वरून खाली येतं. तुम्ही पेटी वर चढवून ठेवलीत, मग ते वर कसं चढणार?"

म्हणून पेटी टेबलावरून जमिनीवर आली. जमिनीवर ओल असते म्हणून ती पाटावर आली. तरी तुटते म्हटल्यावर काकांनी मत बदललं, दाब वाढवायचा तर उंचीच हवी असं ठरवलं, आणि पेटी कपाटाच्या माथ्यावर गेली. त्यासाठी बापू स्टुलावर, स्टूल काकांच्या हातात आणि काका सूचना देण्यात गुंग, अशी व्यवस्था होती. त्यातच बापूंच्या कोपराला लागलं.

पण बापू शास्त्राचा माणूस. ते असल्या ठोकताळ्यांवर थोडेच थांबणार. त्यांनी वेधशाळेची पद्धत वापरली. जोडणी तुटली की खिडकीत जायचं, वारा कुठला आहे, ढग किती आहेत, हवेत दमटपणा किती, हे सगळं टिपून ठेवायचं. दोन दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं की दुपारी जेवणं झाल्यावर हवा तापली की जोडणी जाते, आणि दिवेलागणीला वारा पडला की पुन्हा जाते. मग बापू अंदाज वर्तवू लागले. सकाळी फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लागायची: 'दुपारनंतर तुरळक ठिकाणी इंटरनेट. सायंकाळी जोरदार खंड पडण्याची शक्यता.' आणि नवल म्हणजे अंदाज तंतोतंत खरे ठरायचे. बापूंच्या नोकरीच्या इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. जोडणी तुटली की त्यांना वाईट वाटण्याऐवजी आता आनंद होऊ लागला.

बाई मात्र चिठ्ठी वाचून कॅलेंडरकडे बघायच्या. शनिवार जवळ येत होता. संध्याकाळी त्या आतल्या खोलीत दार लोटून घ्यायच्या आणि कपाटाला अपूर्णांक शिकवायच्या, हळू आवाजात. एकदा बापू अंदाज सांगायला म्हणून दारापर्यंत गेले आणि तो आवाज ऐकून तसेच मागे फिरले. आपण हिच्या शनिवारचा अंदाज वर्तवतो आहोत आणि तो 'खंड' असा निघतो आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

गुरुवारी दुपारी, अंदाजाप्रमाणे ऐन वेळेला जोडणी गेली. बापू वाऱ्याची दिशा बघायला खिडकीत धावले. बाईंनी बहिणीला फोन करायला म्हणून रिसीव्हर उचलला, जरा ऐकलं आणि अलगद ठेवून दिला.

"अहो," त्या म्हणाल्या, "काकूंचा फोन आणि आपला फोन एकच आहे ना?"

बापू खिडकीतच थांबले. आहे ना म्हणजे काय, होताच. फोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची त्या काळात काकांची आई आजारी होती, आणि बापूंनीच आपल्या फोनची तार भिंतीतून पलीकडे ओढून त्यांना जोडून दिली होती. नंतर काकांनी स्वतःच्या हाताने भिंतीला गिलावा केला. आई गेल्या, तार राहिली. नंबर एक, तार एक, पण फोन त्यांच्या घरात म्हणजे त्यांचा, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणाच्या ध्यानातच उरलं नव्हतं. घरात फोन किती, असं लाइनमनने विचारलं तेव्हा बापू खोटं बोलले नव्हते. आणि काकू रोज जेवणं झाल्यावर आपल्या बहिणीला फोन करायच्या, दिवेलागणीला मुलीला. त्या फोनला डबी नव्हती. काकूंनी तिकडे रिसीव्हर उचलला की इकडे इंटरनेट मान टाकायचं. काखेत कळसा आणि बापूंनी वळसा घातला होता थेट वातावरणाला.

आता उपाय सोपा होता, पण सोपे उपाय बापूंकडे फिरकत नसत. दुसरी डबी मागायला कंपनीत फोन केला तर कळलं की दुसरा फोन नोंदलेला नाही, आणि तो दुसऱ्याच्या घरात असेल तर आधी चौकशी होईल आणि तोवर लाइन बंद राहील. बापूंनी घाईघाईने नंबर चुकला असं सांगितलं. काकूंकडची तार तोडावी म्हटलं तर ती सरळ फोनच्या पोटात गेलेली, आणि जोड कुठेतरी गिलाव्याच्या आत. काका म्हणाले, जुन्या कामाला हात लावू नये, एक तोडायला जाल आणि दोन्ही जातील. बापूंना पटलं, कारण तो जोड कोणी मारला होता हे त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा बापूंनी एक गोष्ट केली जी त्यांनी लग्नापासून कधी केली नव्हती. त्यांनी साडूला फोन केला. आपल्याला जमत नाही, अशी एक डबी मिळवून दे, असं सरळ सांगायचं ठरवून केला. तिकडून मेहुणीने सांगितलं की साडू दौऱ्यावर गेला आहे, सोमवारी येईल, आणि त्याचा माणूसही त्याच्याबरोबर गेला आहे. बापूंनी गिळलेला अभिमान तसाच पोटात राहिला, कोणाच्या उपयोगी पडला नाही.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. काकूंना सांगते, तेवढा वेळ फोन उचलू नका म्हणून."

काकू लगेच हो म्हणाल्या. बहिणीला, मुलीला, सगळ्यांना कळवून ठेवते, त्या वेळात कोणी फोन करणार नाही, असंही म्हणाल्या. पण सवयीचा भरवसा नसतो, शिवाय काकांचा मुळीच नसतो, म्हणून त्या फोनजवळ कोणीतरी बसावं असं ठरलं. बापूंनी आपण पाठाच्या वेळी बाईंच्या शेजारीच थांबू, काही तांत्रिक अडचण आली तर हाताशी असलेलं बरं, असं सुचवलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही काकूंकडेच बसा."

बापूंना ते लागलं. पण हा दिवस आपल्या लागण्याचा नाही, एवढं त्यांना कळत होतं.

शनिवारी सकाळी बापू धुतलेला सदरा घालून ओव्हरसियरांच्या बाहेरच्या खोलीत बसले. समोर तिपाईवर काळा, जडशीळ, जुना फोन. बापूंनी उजवा हात त्याच्या रिसीव्हरवर दाबून ठेवला. काकू स्वयंपाकघरात गेल्या, पुन्हा पुन्हा डोकावल्या आणि मोह नको म्हणून आतच राहिल्या. काका आरामखुर्ची ओढून शेजारी बसले.

भिंत पातळ होती. पलीकडून बाईंचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. सुरुवातीला जरा घाईची, मग हळूहळू बसत गेलेली. प्रश्न विचारताना वर जाणारी, समजावताना खाली येणारी. बापूंनी तो आवाज डोंगरावर जाण्याआधी ऐकला होता, शाळेच्या व्हरांड्यात वाट बघत उभं असताना. तो आवाज इतकी वर्षं घरातच होता आणि आपण त्याला भाजी, गॅस आणि बदली एवढंच बोलायला लावलं, असं बापूंना वाटलं. त्यांनी रिसीव्हर आणखी घट्ट दाबला.

"मी काय म्हणतो," काका हळूच म्हणाले, "लाइन जिवंत आहे, हे तुम्हाला कळणार कसं?"

"बोलतेय ना ती."

"त्या बोलतायत. पण तिकडे ऐकू जातंय का? आम्ही टाकीचा नळ सोडायचो, पाण्याचा आवाज यायचा, आणि वरच्या मजल्यावर थेंब नाही."

बापूंच्या मनात शंकेचं बी पडलं. आवाज येत होता, चढत होता, उतरत होता. मग एक प्रश्न विचारल्यासारखा वर गेला, आणि थांबला.

बापू वाट पाहू लागले. पलीकडून काहीच येईना. काकांनी भुवया उंचावल्या. अजूनही शांतता. शाळेच्या व्हरांड्यातही इतका वेळ तो आवाज थांबल्याचं बापूंना आठवत नव्हतं. लाइन गेली. मेली. इतके दिवस केलेलं सगळं गेलं, बाईंचं शनिवारचं सगळं गेलं.

"उचलून बघा," काका म्हणाले. "घरघर ऐकू आली तर जिवंत आहे."

बापूंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. घरघर छान येत होती. लाइन जिवंत होती. बापूंनी हुश्श केलं आणि रिसीव्हर परत ठेवला. पलीकडे अजून थोडा वेळ शांतता होती, मग किबोर्डची टकटक झाली, आणि मग बाईंचा आवाज पुन्हा आला, होता तसाच, शांत.

"बघा," काका म्हणाले. "उचलल्याने मोकळी झाली."

बापूंना ते पटलं. लाइन कुठेतरी अडली असणार आणि आपण उचलल्याचा धक्का बसून सुटली असणार, हे त्यांच्या शास्त्रात अगदी बसत होतं. उरलेला वेळ ते छाती पुढे काढून बसले. पाठ संपल्यावर काकूंनी त्यांना पाणी दिलं, आणि मग काका, काकू आणि बापू असे तिघेही पलीकडे निघाले.

दार उघडंच होतं. बाई टेबलापाशी उभ्या होत्या. डोळे ओले होते आणि चेहरा हसत होता.

"घेतलं," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून."

काकूंनी त्यांना जवळ घेतलं. बापूंना काय करावं ते सुचेना. त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली, मग पुन्हा बाहेर ओढली. बाई सांगत होत्या. पाठ सुरू झाला, सगळं नीट चाललं होतं, आणि मध्येच जोडणी तुटली. पडद्यावर लिहून आलं ते त्यांनी वाचलं, दिवे स्थिर व्हायची वाट पाहिली, आठवडाभर बापूंच्या पाठीमागे उभं राहून पाहिलेल्या दोन ओळी टाइप केल्या आणि परत जोडून घेतलं. परीक्षकांनी विचारलं, घरात कोणाला बोलावलंत का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले की सकाळपासून आणखी दोघांची लाइन तुटली, आणि दोघांनीही आधी घरातल्या कोणाला तरी हाक मारली. त्यांतल्या एकीने तर नवऱ्याला माळ्यावर चढवलं.

"शाबास," बापू म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. ज्या दोन ओळी त्यांनी न समजता टाइप केल्या होत्या, त्या बाईंनी वाचून टाइप केल्या. आपल्याला हेवा वाटायला हवा होता, असंही त्यांना वाटलं, पण हेवा वाटत नव्हता, फक्त घरात कोणीतरी मोठं आहे याचा धीर वाटत होता.

मग बाईंनी सहज विचारलं, "काकूंनी फोन उचलला होता का हो?"

"मी नाही बाई," काकू म्हणाल्या. "मी स्वयंपाकघराच्या बाहेर आले नाही. बापूंचा हात होता फोनवर, सगळा वेळ."

सगळे बापूंकडे बघू लागले. काका एकदम भिंतीच्या गिलाव्याकडे बघू लागले.

"तू गप्प झालीस," बापू म्हणाले. "मला वाटलं, लाइन गेली. म्हणून उचलून बघितलं."

म्हणजे लाइन नीट होती. बाई गप्प होत्या म्हणून बापूंनी फोन उचलला होता, आणि फोन उचलला म्हणून लाइन गेली होती. हे बापूंना बोलून झाल्यावर कळलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

बाई रागावल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि बापूंकडे पाहत राहिल्या.

"अहो, मी प्रश्न विचारला होता," त्या म्हणाल्या. "प्रश्न विचारला की गप्प बसायचं असतं. समोरच्याला उत्तर सुचायला वेळ द्यावा लागतो. तिघांनीही कागद घेऊन गणित केलं, माहीत आहे? एकाचं तर चुकलं."

बापूंनी मान डोलवली. इतकी वर्षं आपण या बाईंना काही विचारायचो आणि लगेच आपणच उत्तर देऊन मोकळे व्हायचो, हे त्यांना आता आठवत होतं, आणि ते सांगायला तोंड उघडावं तर पुन्हा तेच होणार होतं. म्हणून त्यांनी एकच विचारलं.

"मग सोमवारी मी कुठे बसू?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या विचार करू लागल्या. त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, एकदा बापूंकडे. काका काहीतरी सुचवायला पुढे झाले तेव्हा काकूंनी त्यांची बाही ओढली. बराच वेळ गेला. तेवढा वेळ बापू, कशालाही हात न लावता, गप्प उभे राहिले.